भिंतीवरची लेक

प्रिय वृषाली,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. पप्पांचा गुडघा आता बरा आहे, टोमॅटोचे शेवटचे तोडे चालू आहेत आणि आपली गाय परवा व्याली, कालवड झाली. रोज फोनवर बोलत असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर माझं काय होतं, मी सांगायला तोंड उघडते आणि तू तेवढ्यात विचारतेस, "आई, जेवलीस का?" मग मी हो म्हणते आणि जे सांगायचं ते गिळून टाकते. परवाही तू विचारलंस, "खोली आवरलीस का गं?" मी म्हणाले, आवरली. आवाज बारीक निघाला. तू म्हणालीस, दमलीस वाटतं, पड जरा. मी दमले नव्हते.

खोली खरंच आवरली आहे. मागची नाही, पुढची. मागच्या खोलीत मी कांदा भरून टाकलाय, म्हणजे ती खोली तुझ्या नजरेलाच पडायला नको. पुढच्या खोलीला पप्पांनी स्वतःच्या हाताने रंग दिला, फिक्का पिवळा. खिडकीला डासांची जाळी बसवली. पुढच्या बुधवारी गाडी घेऊन घोडेगावला जायचं आणि तुला बाळंतपणाला आणायचं, हे त्यांनी डेअरीवर सगळ्यांना सांगून झालंय. सकाळी उठले की त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहतात आणि दुधाची किटली घेऊन निघतात. मला ते बघवत नाही. त्या बुधवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून आज कॉलेजला दांडी मारून लिहायला बसले आहे.

मला कॉलेजात तूच घातलंस. तुझ्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तू माहेरी आली होतीस आणि मी शेजारच्या भागूमावशींच्या भिंतीवर त्यांच्या नातवाच्या लग्नाचा मोर काढत होते. गावात लग्न निघालं की भिंतीवर 'शुभविवाह' लिहायला आणि मोर काढायला मलाच बोलावणं यायचं. तू खाली उभी राहून मला रंगाचा डबा वर देत होतीस. मध्येच म्हणालीस, "आई, तू किती वर्षं हाच मोर काढणारेस?" मला हसू आलं, पण जेवताना घास फिरत राहिला. शाळेत असताना मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, बारावीही झाली होती, मग लग्न झालं आणि हातात आला तो हा मोर. पुढच्या आठवड्यात तू कलाशिक्षक पदविकेची सगळी चौकशी करून आलीस. माझ्या वयाचं बघून घेतलंस, प्रवेशाचं मोबाईलवर भरलंस, आणि मुलाखतीच्या दिवशी पोटात बाळ घेऊन माझ्यासोबत जुन्नरला रांगेत उभी राहिलीस. शिपाई म्हणाला, पालकांनी बाहेर थांबा, मुलीला एकटीला आत पाठवा. तू म्हणालीस, "विद्यार्थिनी ही आहे. पालक मी." रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. तुला त्या दिवशी माझा किती अभिमान वाटत होता आणि मला किती लाज वाटत होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

ती लाज पुढे बरेच महिने माझ्याबरोबर एसटीने ये-जा करत होती. ड्रॉइंग बोर्ड मी युरियाच्या रिकाम्या गोणीत घालून न्यायचे. बायका विचारायच्या, "मोहिनी, काय गं नेती?" मी सांगायचे, पाट हाये, सुताराकडं चाललाय. एकच पाट महिनाभर सुताराकडे कसा जातो, हे त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे. पप्पांना डेअरीवर लोक छेडायचे, मालकीणबाई कितवीत गेल्या म्हणून. त्यांनी सांगून टाकलं, सरकारी ट्रेनिंग आहे. घरी येऊन माझ्यावर ओरडले, "हे वय हाय का तुजं? लोकं मला इचारत्यात, मी काय सांगू?" पण हिवाळ्यात दिवस लहान झाला, पाच वाजता वर्ग सुटायचा आणि गावात उतरेपर्यंत अंधारून यायचं, तेव्हा हेच पप्पा बॅटरी घेऊन फाट्यावर उभे असायचे. उसात बिबट्या आहे म्हणून. बोर्ड माझ्या हातातून घ्यायचे आणि घरापर्यंत पुढे चालायचे.

वर्गात सगळी तुझ्याहून लहान पोरं. मला काकू म्हणायची. मी मागच्या कोपऱ्यात बसायचे. स्थिरचित्र मला जमायचं, घागर, कांदे, दुमडलेलं फडकं. अक्षरलेखनात तर भिंतींच्या सरावामुळे मी सगळ्यांच्या पुढे होते. पण माणूस काढायचा म्हटलं की माझा हात आखडायचा. गवारी सर आम्हाला आळीपाळीने समोर बसवून रेखाटन करायला लावायचे. ते डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचे, बोलायला फार मऊ. एकदा माझा कागद उचलून म्हणाले, "काकू, तुमची माणसं फोटोला उभी राहिल्यासारखी दिसतात. त्यांना माहीत आहे की कुणीतरी बघतंय." त्यांनी चांगल्यासाठी सांगितलं होतं. शेजारच्या मुलीच्या कागदावर शिपाईमामा पेंगत होते आणि माझ्या कागदावर तेच शिपाईमामा मुंज्यासारखे ताठ बसले होते. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, आपण इथं उगाच आलो. लोकांचं हसू झालं, नवऱ्याची मान खाली गेली, आणि हातात अजून मोरच. एकदा तरी आपल्या हातून असं काहीतरी व्हावं की आपण इथं का आलो हे कुणाला सांगायची गरज पडू नये, असं मला फार वाटायचं. हे वाटणं किती भुकेलं होतं, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

आणि मग नवरात्र आलं. वृषाली, त्या दिवसांबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, ते तुझ्या अंगावरून गेलंय. पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, म्हणून थोडं सोस. मंचरच्या दवाखान्यातून आम्ही तुला बाळाविना इकडे आणलं, मागच्या खोलीत गादी घातली. तुझे सुदर्शनराव दोन्ही घरी फेऱ्या मारत होते आणि कुठंच थांबू शकत नव्हते. बाळाचं नाव आपण ठेवलं नव्हतं, म्हणून त्याचा उल्लेख करायलाही कुणाला शब्द सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी तुला दूध आलं. मी नऊवारीचा फाडलेला पट्टा घट्ट बांधला, नर्सबाईंनी सांगितलं म्हणून कुंडलिककाकांच्या वावरातून कोबीचे गड्डे आणून त्यांची थंडगार पानं आत ठेवली. पानं शिजल्यासारखी मऊ होऊन बाहेर यायची आणि दूध काही थांबायचं नाही. तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर मला तुला जवळ घेता आलं असतं.

त्या दुपारी मी तुझ्यासाठी पेज घेऊन आले. तू भिंतीला टेकून बसली होतीस. खिडकीतून ऊन तुझ्या एका बाजूला पडलं होतं, पोलक्यावर दोन ओले डाग पसरले होते आणि ते तुझ्या लक्षातही नव्हते. एक हात मांडीवर उताणा पडला होता, कुणीतरी त्यात काहीतरी ठेवेल म्हणून थांबल्यासारखा. तू दाराकडे बघत नव्हतीस. कुणी बघतंय हे तुला माहीत नव्हतं. मी पेज खाली ठेवली. बाहेरच्या खोलीतून कागद आणि पेन्सिल आणली आणि दारातच चौकटीला टेकून तुला काढायला लागले. का, ते मी इतक्या महिन्यांत स्वतःला अनेकदा विचारलंय. मला एवढंच सांगता येतं की नुसतं बघणं मला सहन होत नव्हतं आणि पेन्सिल हातात आल्यावर सहन व्हायला लागलं. तुझ्या खांद्याची रेघ, कोपर, मनगट, असं एकेक बघायचं असतं तेव्हा सगळं एकदम बघावं लागत नाही. पेज गार झाली. मी ती परत चुलीवर ठेवून गरम केली, आणि तू दोन घोट घेतलेस.

दिवाळीनंतर तू घोडेगावला गेलीस आणि मी परत कॉलेजला जायला लागले. घरातली रोजची रेखाटनं सरांना दाखवायची असायची. तो कागद बाकीच्या कागदांबरोबर त्यांच्या टेबलावर गेला. ते एकेक कागद उलटत होते, त्या कागदावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्गातली पोरं हळूहळू टेबलाभोवती जमली. मग सर म्हणाले, "हे मोठं करा, काकू. रंगात करा." बाकी काही नाही. मी मागच्या कोपऱ्यातून उठून खिडकीजवळ बसायला लागले. थंडीभर मी ते चित्र केलं. पोरं माझ्या शेजारी येऊन बसायची, रंग कसा मिसळला ते विचारायची. मी गोणी वापरणं सोडलं. बोर्ड उघडा हातात घेऊन एसटीत चढायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, चित्र काढायला शिकते. घोडेगावला तुझ्या घरात तू कशी जगत होतीस, हे मी रोज फोनवर विचारत होते, आणि फोन ठेवला की उद्या त्या ओल्या डागांना कुठला करडा लावायचा याचा विचार करत होते.

फेब्रुवारीत कॉलेजचं प्रदर्शन भरलं. चित्र समोरच्या भिंतीवर होतं. आपल्या गावातलं कुणी चित्रं बघायला जुन्नरला जाणार नाही, असं मी धरून चालले होते. तुझ्या सासूबाई, साळुबाई, येतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या बिचाऱ्या विहिणीचं कौतुक करायला आल्या होत्या. सुदर्शनरावांनी मोटारसायकलवर आणलं होतं, हातात माझ्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी होती. मी दारात त्यांना बघितलं आणि पळत पुढे गेले, पण तोवर त्यांची नजर भिंतीवर गेली होती. समोर कॉलेजची पोरं उभी होती, दोन-तीन बाहेरचे लोक होते, एकजण मोबाईलने फोटो काढत होता. साळुबाईंनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा सुदर्शनरावांकडे. मग त्या चालत गेल्या आणि चित्राला पाठ लावून उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या, जेवढी झाकता येईल तेवढी तुला झाकून. सुदर्शनराव मान खाली घालून बाहेर गेले. फोटो काढणाऱ्याने मोबाईल खिशात टाकला. मी जवळ गेले तेव्हा त्या अगदी हळू बोलल्या, "इहीनबाई, पोरीला इचारलं व्हतं का?"

मी काय उत्तर दिलं ते तुला त्यांच्याकडून कळलेलंच आहे. मी म्हणाले, तो कागद चुकून बाकीच्या कागदांत गेला, सरांच्या नजरेला पडला, ते मोठे माणूस, त्यांना नाही कसं म्हणायचं. साळुबाई म्हणाल्या, "आसं व्हय. मग तुमचा काय दोष न्हाई." तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि गेल्या. चित्र मी दुसऱ्या दिवशी उतरवलं. सरांनी कारण विचारलं नाही. पप्पांनी ते टेम्पोतून घरी आणलं आणि ओसरीवर वरचा कागद काढून बघितलं. "आपली पोर," एवढंच म्हणाले आणि वावरात निघून गेले. त्या दिवशी जेवायलाही उशिरा आले.

नंतर तू फोन उचलत नव्हतीस. यात्रेला आली नाहीस, अक्षय तृतीयेला आली नाहीस. एकदाच उचललास आणि एकच प्रश्न विचारलास, "आई, तू तेव्हा मला बघत होतीस का चित्र बघत होतीस?" मी काही बोलले नाही आणि तू ठेवून दिलास. मी कॉलेजला जात राहिले. जायचे, पण कोपऱ्यात बसायचे, घागरी काढायचे. पोरांना वाटलं काकूंची तब्येत बरी नाही.

जुलैमध्ये तुझा फोन आला. दिवस गेल्याचं सांगितलंस. मी देवापुढे साखर ठेवायला उठले तर तू म्हणालीस, थांब, अजून एक आहे. म्हणालीस, "सासूबाई सारखं सांगत होत्या, तुझ्या आईचा दोष नाही, तो कागद चुकून गेला. मी ऐकूनच घेत नव्हते. इतके महिने तुझ्यावर राग धरला. मला माफ कर, आई." आणि तू रडलीस. नवरात्रात न आलेलं रडू तू त्या दिवशी फोनवर रडलीस, आणि माफी मागत रडलीस. मी म्हणाले, असू दे गं, वेडी का तू. मी तुला माफ केलं, वृषाली. त्या वेळी मला आतून किती हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची आज किती शिसारी येते, हे मला लिहिता येत नाही. तेव्हापासून तू रोज फोन करतेस. डॉक्टर काय म्हणाले, काय खावंसं वाटतं, बाळ कुठल्या कुशीला लाथ मारतं, सगळं सांगतेस. परवा म्हणालीस, "या वेळी मला तुझ्याजवळच यायचंय. तिथं मला भीती वाटणार नाही." त्या वाक्यानंतर माझ्याने राहवलं नाही.

तर ऐक, आणि हे वाचताना बसलेली राहा. कागद आपल्या पायांनी कुठं जात नाहीत. तो मी ठेवला. सकाळी एसटीची वाट बघताना मी गठ्ठा सोडला, तुझा कागद खालून काढला आणि सगळ्यांत वर ठेवला. सरांनी तो मोठा करा म्हटलं तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं, ते एका शब्दाने थांबले असते. मी तर त्यांनी तसं म्हणावं म्हणून वाट बघत होते. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. त्या दुपारी मी दारात उभी राहून काढत असताना तू मान न वळवता 'आई' म्हणालीस. एकदा म्हणालीस, मग थोड्या वेळाने परत. मी ऐकलं. मांडीवरचा हात पुरा व्हायचा होता, तू हललीस तर तो गेला असता, म्हणून मी ओ दिली नाही. तुला वाटलं असेल मी स्वयंपाकघरात आहे. हात पुरा झाला, मग मी पेज गरम करायला गेले. चित्रात तो हात सगळ्यांना आवडतो. यापुढे चित्र काढणार नाही असं मी लिहिणार होते, दोनदा लिहिलं आणि फाडलं, कारण ते खरं ठरणार नाही. कॉलेजही मी सोडलेलं नाही, वार्षिक परीक्षेला बसणार आहे. चित्र पुढच्या खोलीच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलंय. सर ते मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवू का विचारतात आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही, विचारून सांगते म्हणते, जसं काही मी कुणाला विचारणारच होते. ते तुझं आहे. ठेव, फाड, पाठव, तू सांगशील ते होईल. यायचं की नाही हेही आता तू ठरव, माझ्या खोटं बोलण्यावर विसंबून येऊ नकोस. येणार नसशील तर बुधवारच्या आत पप्पांना फोन कर आणि नुसतं सांग की डॉक्टर प्रवास नको म्हणालेत. खरं कारण मी त्यांना सांगेन, ते काम तुझ्यावर टाकणार नाही. साळुबाईंना हे पत्र वाचून दाखव, त्यांना मी फसवलं आहे. आणि तिकडे राहिलीस आणि कळा सुरू झाल्या आणि तुला वाटलं की हिला बोलवावं, तर कुठल्याही वेळेला बोलव. मी रिकाम्या हाताने येईन.

तुझीच, फसवून तुझ्याकडूनच माफी मागवून घेतलेली,
आई